सॅक सगळ्यात शेवटी घ्या

प्रश्न असा आहे: एका दिवसाच्या डोंगरवाटा बऱ्याच झाल्या, आता दहा-अकरा दिवसांची लांब चाल करायची आहे. मुक्काम तंबूत. शिधा वाटेत एकदाच भरून घेता येईल. रात्री तापमान शून्याच्या आसपास, पाऊस कधीही. यादी तयार आहे आणि अन्न, पाणी, इंधन सोडून तिचं वजन १४ किलो भरतंय. ७५ लिटरची सॅक आणि 'उणे १५' लिहिलेली स्लीपिंग बॅग जवळजवळ पसंत पडली आहे. आधी काय घ्यावं?

आधी काहीच घेऊ नका, एक वजनकाटा सोडून. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरेल. यादीतली प्रत्येक वस्तू त्यावर ठेवा आणि आकडा लिहून काढा. कंपनीने छापलेलं वजन धरू नका. तंबूच्या छापील वजनात पुष्कळदा खुंट्या, दोऱ्या आणि पिशवी धरलेली नसते. लोकांना घेऊन लांब चालींवर जाण्याचं काम मी बरीच वर्षं करतो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सॅका उघडायला लावल्या की जड वस्तू सहसा एकच नसते. जड असतात त्या 'असू दे, लागली तर' म्हणून आलेल्या वीस-पंचवीस बारीकसारीक गोष्टी.

तुमचा हिशेब पाहू. कोरडं, दाट उष्मांकाचं अन्न माणशी रोज ७०० ते ८०० ग्रॅम लागतं. शिधा मध्ये एकदा मिळणार, म्हणजे एका वेळी सहा दिवसांचं, साधारण साडेचार किलो. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो. गॅस आणि त्याचा डबा मिळून अर्धा किलो. हे सात किलो तुमच्या १४ किलोंवर चढले की पाठीवर २१. साठ-सत्तर किलोच्या माणसाला हे उचलता येतं, पण रोज पंधरा-वीस किलोमीटर, तेही चढ-उतारावर, आनंदाने चालता येत नाही. अन्न-पाण्याला फारशी कात्री लावता येत नाही, म्हणून ती मूळ सामानालाच लावायची. लांब पल्ल्याच्या चालणाऱ्यांत मूळ सामान ९ किलोंच्या आत असेल तर त्याला हलकं आणि साडेचार किलोंच्या आत असेल तर अतिहलकं म्हणायची पद्धत आहे. तुम्ही साडेचारच्या मागे लागू नका, त्याला पैसाही लागतो आणि हात बसलेला लागतो. आठ-नऊ मात्र सहज जमेल.

आणि सॅक शेवटी. ७५ लिटरची आधी घेतलीत तर ती भरल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही. रिकामी जागा कोणालाच बघवत नाही. बाकीचं सामान जमल्यावर ते एका खोक्यात रचा, आकारमान आणि वजन पाहा, मग त्याला झेपणारी सॅक शोधा. तुमच्या चालीला ५०-५५ लिटर पुरायला हरकत नाही.

एमा गेटवूड यांचा दाखला अशा वेळी हमखास दिला जातो. १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांनी अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल, म्हणजे तीन हजारांहून जास्त किलोमीटर, एकटीने सलग पार केली. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली डेनिमची पिशवी, त्यात एक घोंगडी आणि आडोशाला न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. ऐकायला फार छान वाटतं, पण ती वाट निवाऱ्यांची होती आणि वाटेवरच्या घरांत त्यांना अनेकदा आसरा मिळाला. सामान कमी नेता येतं ते बाहेरून काय मिळणार आहे हे माहीत असल्यावर. तुमच्या वाटेवर निवारे नाहीत, तेव्हा पडद्यावर भागणार नाही.

सामान निवडताना मी एक गोष्ट सगळ्यांना सांगतो: वस्तू सुटी पाहू नका, तिची जोडी पाहा. स्लीपिंग बॅग आणि मॅट, जॅकेट आणि त्याच्या आतले कपडे, बूट आणि मोजे, सॅक आणि तिच्यातलं वजन. महागडी वस्तू घेऊनही लोकांचे हाल होतात ते बहुतेक वेळा जोडीतली दुसरी वस्तू सुमार असल्यामुळे.

झोपेपासून सुरुवात करू, कारण दहा दिवसांच्या चालीत खरी कसोटी रात्रीच लागते. 'उणे १५' हा आकडा कुठला आहे ते लेबल उलटून पाहा. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे तपासलेल्या बॅगेवर तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. चाचणी तापवलेल्या पुतळ्यावर होते. पुतळ्याच्या अंगात पातळ कपड्यांचा थर असतो आणि खाली मॅट. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण स्त्री ज्या तापमानात सैलपणे, आरामात झोपू शकेल ते. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंगाचं मुटकुळं करून जेमतेम रात्र काढेल ते. एक्स्ट्रीम हा जगण्या-मरण्याचा आकडा आहे, झोपेशी त्याचा संबंध नाही. बॅगेच्या नावात मोठ्या अक्षरांत छापलेला उणे १५ हा बऱ्याचदा हा तिसराच आकडा निघतो आणि मग त्याच बॅगेचा कम्फर्ट शून्याच्या वर निघाला तर नवल नाही. शून्याच्या रात्रींसाठी कम्फर्ट उणे तीन ते उणे पाच असलेली बॅग घ्या. दमलेलं, अर्धपोटी शरीर पुतळ्याइतकी ऊब टिकवत नाही.

आता तिची जोडी. अंगाखाली बॅगेतलं भरण दाबलं जातं, त्यात हवा उरत नाही, म्हणून खालच्या बाजूने बॅग जवळजवळ निरुपयोगी असते. जमीन तुमची ऊब रात्रभर ओढून घेते आणि तिला अडवते फक्त मॅट. मॅटची ताकद आर-व्हॅल्यूने मोजतात. २०१८ मध्ये एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एफ३३४० हे मानक आल्यापासून निरनिराळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. साध्या फोमच्या घडीच्या मॅटची आर-व्हॅल्यू साधारण २ असते. शून्याच्या आसपासच्या जमिनीवर ३ ते ४ हवी, बर्फावर ५ च्या पुढे. हे आकडे बेरजेत चालतात, म्हणजे २ च्या फोमवर २ ची फुगवायची मॅट टाकली की ४. थंडीचा अंदाज बांधता येत नसेल तेव्हा मी हीच जोडी नेतो. हवेची मॅट फाटली तरी फोम उरतो, आणि दुपारी बसायलाही तोच. 'बॅग गरम नाही' अशी तक्रार करणाऱ्याला मी आधी खाली काय टाकलं होतं ते विचारतो. उत्तर बहुधा तिथेच सापडतं.

पिसांची बॅग की सिंथेटिक? वजनाला आणि घडीला पिसं सरस, ओल्याला सिंथेटिक. पिसांच्या बॅगेवर ८०० किंवा ६५० असा फिल पॉवरचा आकडा असतो. तो पिसांचा दर्जा सांगतो, ठरावीक वजनाची पिसं किती फुलतात ते. किती ऊब मिळणार हे कळायला आत किती ग्रॅम पिसं भरली आहेत तेही पाहावं लागतं. ८०० ची पण जेमतेम २०० ग्रॅम भरलेली बॅग ही ६५० ची ५०० ग्रॅम भरलेल्या बॅगेपुढे फिकी पडते. दुकानदार पहिला आकडा मोठ्याने सांगतो, दुसरा विचारल्यावर.

पिसांची बॅग घेतलीत तर तिला रोज वाळवणं हे तुमचं काम. अंगातून रात्रभर वाफ निघते आणि थंड रात्री ती बाहेरच्या कापडाजवळ गारठून पिसांत मुरते. बॅग पावसात न भिजताही चार-पाच रात्रींत तिची ऊब घटते. ओळखायचं कसं? बॅग उजेडासमोर धरा. कप्प्यांत पिसं सारखी पसरलेली दिसण्याऐवजी कडेला गोळे आणि मध्ये पारदर्शक पट्टा दिसला की ओल शिरली आहे. दुपारच्या विसाव्यात ऊन असेल तर अर्धा तास बॅग उलटी करून खडकावर पसरा, गोळे बोटांनी हलके मोकळे करा. साठवायची वेळ येईल तेव्हा मोठ्या सैल पिशवीत ठेवा, करकचून दाबलेली महिनोन् महिने ठेवली तर पिसं पुन्हा नीट फुलत नाहीत.

तंबूत लोक पावसाला घाबरतात आणि भिजतात आतल्या दवाने. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात बरंच पाणी निघतं आणि ते बाहेरच्या गार पडद्याच्या आतल्या अंगाला थेंब होऊन लटकतं. त्यावर कुठलंही कापड उपाय नाही. उपाय आहे वारा खेळता ठेवणं आणि जागा. दरीच्या तळाशी, पाण्याकाठच्या हिरवळीवर गार जड हवा साचते. तिथून थोडं वर, झाडांच्या आडोशाला गेलात तर रात्र उबदार आणि तंबू कोरडा. दुपदरी तंबूत जाळीचा आतला पदर हे थेंब अंगावर येऊ देत नाही, म्हणून पहिल्या लांब चालीला दुपदरीच बरा, चार-पाचशे ग्रॅम जास्त गेले तरी. कापड नायलॉनचं असेल तर ते ओलं झालं की सैल पडतं, म्हणून पाऊस लागल्यावर तासाभराने एकदा बाहेर येऊन दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर कमी सैलावतं.

खुंटी न रुतणाऱ्या जमिनीवरची एक युक्ती. दोरीच्या टोकाला मोठा फास करा, मुठीएवढ्या दगडाला तो घाला, दगड तंबूपासून लांब ठेवा. मग त्या दगडाच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोरीवरच एक जड धोंडा ठेवा. दोरी ताणली की लहान दगड धोंड्याला येऊन टेकतो आणि तिथेच अडतो. नुसत्या धोंड्याला दोरी गुंडाळली तर ती वाऱ्यात धारदार कडेवर घासून तुटते.

रेनकोटच्या बाबतीत अपेक्षाच खाली आणा. दिवसभराच्या पावसात चालणारा माणूस कोरडा राहत नाही, कितीही पैसे मोजले तरी. श्वास घेणाऱ्या, म्हणजे घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या, पडद्याचं जॅकेट बाहेरच्या कापडावर पाणी गोळा होऊन घरंगळत असतं तोवरच श्वास घेतं. कापडावरचा पाणी झटकणारा लेप झिजला की कापड ओलंचिंब बसतं, आतला घाम बाहेर जात नाही आणि माणूस म्हणतो जॅकेट गळतंय. बहुतेक वेळा ते गळत नसतं. जॅकेट वेळोवेळी धुवा, लेबल परवानगी देत असेल तर मंद आचेवर ड्रायरमध्ये फिरवा, लेप बराचसा जिवंत होतो. कापड मऊ करायचं द्रव मात्र अजिबात घालू नका. निवडताना कापडाच्या नावापेक्षा बगलेखालच्या चेन आणि टोपीचा आकार पाहा. मान वळवली की टोपी सोबत वळली पाहिजे, नाहीतर पावसात तुम्ही अर्ध्या जगाला आंधळे.

जॅकेटचं खरं काम वारा अडवून तुम्हाला उबदार ओलं ठेवणं. म्हणून आतला थर महत्त्वाचा: मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक, जे ओलं असतानाही थोडी ऊब देतं आणि लवकर वाळतं. सुती कपडे घरी. चालताना थोडं गार वाटेल इतकेच कपडे अंगावर ठेवा, घामाने भिजणं हे पावसाने भिजण्याइतकंच वाईट. पिसांचं जॅकेट थांबल्यावरचं, चालतानाचं नव्हे. आणि झोपायचा एक जोड जलरोधक पिशवीत बांधलेला, त्याला दिवसा हात लावायचा नाही. सकाळी पुन्हा कालचेच ओले कपडे चढवायचे. फार जिवावर येतं, मान्य. पण दहा मिनिटं चाललं की अंगच त्यांना गरम करतं, उलट कोरडा जोड भिजवला तर रात्री बदलायला काहीच उरत नाही.

सॅकवर बाहेरून चढवायच्या कव्हरवर विसंबू नका. पाठीकडून पाणी शिरतंच आणि वाऱ्यात कव्हर उडतं. आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिचं तोंड पिळून बंद करा. स्वस्त आणि खात्रीचं.

बूट. पायातल्या वजनाची ऊर्जा पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त खर्च होते. लष्करी प्रयोगांत हे प्रमाण चालण्याच्या वेगाप्रमाणे चौपट ते सहापट आढळलं आहे. म्हणून मळलेल्या वाटेवर, मूळ सामान नऊच्या आत असेल, तर मी घोट्यापर्यंतचे जड बूट सुचवत नाही. पकड चांगली असलेले ट्रेल रनिंगचे बूट हलके असतात, भिजले तर चालता चालता वाळतात. जलरोधक पडदा असलेला बूट वरून पाणी शिरलं की दोन दिवस ओला राहतो. बर्फ, सुटे धोंडे किंवा कमजोर घोटा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ताठ तळव्याचा बूटच हवा. हलके बूट ५०० ते ८०० किलोमीटरांत संपतात हेही गृहीत धरा.

माप संध्याकाळी घ्या, चालून पाय सुजलेले असताना, जे मोजे घालणार तेच घालून. लांब चालीत पाय पसरतात, म्हणून नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा. उतारावर अंगठा पुढे आपटत असेल तर बुटाच्या सगळ्यात वरच्या भोकांतून नाडी सरळ ओवून कडी करा, समोरच्या बाजूची नाडी त्या कडीतून काढा आणि मग बांधा. टाच मागे बसते. फोड येण्याआधी त्या जागी चुरचुरतं. तेव्हाच थांबा, 'पुढच्या वळणावर बघू' नको. पाय पुसून, कोरडा करून, कापडी चिकटपट्टी कोपरे गोल कापून लावा. गटातल्या सगळ्यांना थांबवायचा संकोच वाटतो म्हणून लोक तासभर तसेच रेटतात आणि मग पुढचे तीन दिवस लंगडतात.

ट्रेकिंगच्या काठ्या घ्या, दोन्ही. उतारावर गुडघ्यांवरचा भार कमी होतो, आणि काही हलके तंबू त्याच काठ्यांवर उभे राहतात, खांबांचं वजन वाचतं.

स्वयंपाकाचं फार मनावर घेऊ नका. एक भांडं, एक चमचा, लहान शेगडी. गॅसचं मात्र लक्षात ठेवा: साध्या ब्युटेनची वाफ शून्याच्या खाली होतच नाही, आयसोब्युटेनची उणे १२ च्या आसपासपर्यंत होते, प्रोपेनची उणे ४२ पर्यंत. म्हणून डब्यावर आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण लिहिलेलं पाहा. पहाटे ज्योत मरगळली तर डबा कोमट पाण्याच्या ताटलीत ठेवा. डब्यावर बसणाऱ्या शेगडीला चारही बाजूंनी वाराबंद कधीच करू नका, डबा तापून फुटू शकतो. आणि बंद तंबूत शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पाण्याचा पोकळ तंतूंचा फिल्टर जिवाणू आणि परजीवी अडवतो, विषाणू बहुतेकदा नाही. वरच्या अंगाला वस्ती असेल तर उकळा: खळखळून एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. ओला फिल्टर गोठला की तंतू तडकतात. बाहेरून काहीच दिसत नाही, पाणीही येत राहतं, पण ते गाळलेलं नसतं. थंड रात्री तो पिशवीत घालून स्लीपिंग बॅगेत घ्या. फोन आणि पॉवर बँकही तिथेच, गारठ्यात बॅटरी झपाट्याने उतरते.

आता सॅक. उंची किती यापेक्षा पाठीची लांबी महत्त्वाची. मान पुढे वाकवल्यावर मानेच्या तळाशी जे हाड वर येतं तिथपासून, कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडेवर अंगठे ठेवून त्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचं अंतर दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्या. दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून आरशात बघू नका. आपलं सामान किंवा तेवढंच वजन आत भरा, सगळे पट्टे सैल करा, सॅक चढवा, खांदे उचकून तिला थोडं वर घ्या आणि कंबरपट्ट्याचा मध्य बरोबर हाडाच्या कडेवर आणून आधी तोच आवळा. पोटावर नाही, हाडावर. मग खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे, शेवटी छातीचा. बरोबर बसली असेल तर खांद्याच्या पट्ट्याखाली सहज बोट सरकतं. तशी अर्धा तास दुकानात फिरा, जिना चढा-उतरा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

भरताना स्लीपिंग बॅग तळाला, जड अन्न पाठीला चिकटून मध्यावर, रेनकोट आणि तंबू वर. तंबू पावसातही बाकी काही न उपसता काढता आला पाहिजे. ओला तंबू आतल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बाहेर.

यादीतून काय काढायचं ते विचारलं नाहीत, तरी सांगतो: तिसरा शर्ट, खुर्ची, मोठा सुरा, दुसरं भांडं, जाड टॉवेल. काय काढायचं नाही: हेडलॅम्प, कागदी नकाशा, प्रथमोपचार, मॅटला लावायचे पॅच, आग पेटवायची दोन साधनं. मदतीसाठी उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र नेणार असाल तर त्या देशाचा नियम आधी पाहा, काही ठिकाणी परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे.

खरेदीचा क्रम मग असा: बूट आणि मोजे, मॅट, बॅग, तंबू, रेनकोट, सॅक. सगळं जमलं की पावसाचा अंदाज असलेल्या दिवशी जवळपासच दोन रात्रींची चाल करा, पूर्ण वजनासह. परत आल्यावर न वापरलेल्या वस्तूंचा वेगळा ढीग करा. प्रथमोपचार आणि दुरुस्तीचं सामान त्यातून उचला, बाकी घरी राहू द्या. आणि तिथे विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक केबिनमध्ये न्यायच्या बॅगेत ठेवा, काठ्या चेक-इनच्या सामानात द्या, आणि गॅसचा डबा कुठल्याच बॅगेत नेता येत नाही हे धरून तो तिथे उतरल्यावर कुठे मिळेल ते तिकीट काढण्याआधी शोधा.